अर्धा हेल

गोदाबाईने साबणाने भरलेला हात नातीच्या तोंडावर दाबला, तेव्हा गाणं बरोबर मध्यावर आलं होतं.

सोनू मोरीच्या उंबऱ्यावर बसून गात होती. विश्रांतवाडीतल्या त्या दोन खोल्यांत आवाज घुमावा अशी तेवढी एकच जागा. मोरीच्या भिंतींना छातीपर्यंत फरश्या होत्या, तिथे सूर आपटून गोल होऊन परत यायचा. आत गोदाबाई सकाळची भांडी घासत बसली होती. आधी तिचा हात मंदावला. मग कढई हातातून सुटली. आणि मग ती बसल्या जागेवरून पुढे झेपावली.

"कुणाचा हेल काढायलीस गं भवाने? कोण मेलंय?"

सोनूने तोंड सोडवलं, थू थू केलं. "आज्जी! काय यार! साबण गेला ना तोंडात. गाणं आहे ते. माझं स्वतःचं. पप्पांवर केलंय."

"बापावर?" म्हातारी ओल्या फरशीवरच मागे टेकली. "जित्या बापावर?"

"मग काय मेल्यावर करू?"

गोदाबाईने तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की सोनूच्या डोळ्यात पाणी आलं. चिमटा घेऊन म्हातारी बोलली मात्र अगदी हळू, शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाऊ नये अशी. "बापाला अरे-तुरे करतीस का तू? न्हाय ना? मग गाण्यात का करायलीस? 'राजा' काय, 'इसरलास का रं' काय. मेलेल्या माणसावर हेल काढून रडताना तसं बोलत्यात. त्यो उत्तर देणार न्हाय म्हणून."

सोनू म्हणजे कॉलेजच्या दाखल्यावर सुवर्णमाला उत्तरेश्वर सुरवसे. नाव आजीने ठेवलेलं, त्यामुळे बदलायची सोय नव्हती. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती आणि वर्गात फारशी कुणाच्या नजरेत भरत नव्हती. तिचा बाप परांड्याकडचा. केमच्या उत्तरेश्वराला नवस करून झालेला, म्हणून तेच नाव. लग्नानंतर पुण्याला आला, मिळेल ते करत करत फ्लेक्सच्या धंद्यात शिरला. रस्त्याकडेला ते मोठमोठे लोखंडी सांगाडे असतात ना, बिल्डरचे, सोन्याच्या दुकानांचे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे, त्यांच्यावर चढून जुना फ्लेक्स उतरवायचा, नवा ताणून बांधायचा, हे त्याचं काम. खाली दोर धरायला संभाजी. गेली कित्येक वर्षं ही जोडी. उत्तरेश्वर वर, संभाजी खाली. संभाजी म्हणायचा, "आमचं लग्न झाल्यागत हाय. त्यो नाचतो, मी धरतो."

काम संपलं की उत्तरेश्वर वरूनच एक फोटो काढून घरी पाठवायचा. त्यात त्याचे दोन बूट आणि बुटांच्या मधून दिसणारं पुणं. मुंगीएवढ्या रिक्षा, काड्यापेटीएवढ्या बसगाड्या. त्याला तो फोटो म्हणजे मोठी गंमत वाटायची. सोनूची आई हेमा एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. ती पिठाच्या बोटाने फोटो उघडायची आणि लगेच मिटायची. सोनूला मात्र मिटता यायचा नाही. ती त्या बुटांकडे बघत राहायची. डाव्या बुटाची टाच झिजली होती. त्या झिजलेल्या टाचेखाली सगळं स्वारगेट पसरलेलं असायचं.

गाणं त्या फोटोंतून आलं होतं.

चढायचं ठावं तुला, राजा,
उतरायचं इसरलास का रं?
शिडी हितं उभी हाय,
पाय कुठं ठेवलास रं?

ढंग जॅझचा. आता जॅझ आणि ही पोर यांची गाठ कशी पडली, तर खडकीला. फोनवर तिने कुठल्या कुठल्या देशांतल्या जॅझ गाणाऱ्या बायका ऐकल्या होत्या. ताल पुढे निघून जायचा आणि या बायका मागून सावकाश यायच्या, तरी कुणी त्यांना रागवायचं नाही. सोनूला ते फार आवडलं होतं. मग एकदा कॉलेजातून येताना खडकी बाजारात एका दुकानाच्या माडीवरून सॅक्सोफोन ऐकू आला आणि ती सरळ जिना चढून गेली. वर बद्रीनाथ सर लग्नाच्या बँडमधल्या माणसांना शिकवत होते. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नाचाच्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यभर हेच वाजवलं होतं, आणि निवृत्तीनंतर 'हळद लागली'च्या चालीवर आले होते. त्यामुळे जिभेला धार होती.

"जॅझ म्हणजे नक्की काय हो सर?" सोनूने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"वेळेवर न येणाऱ्या लोकांचं संगीत," सर म्हणाले. "पण उशीर मोजून करायचा. तो आपल्याकडे कुणाला जमत नाही. आपण न मोजता करतो."

ते तिला 'मिस सुरवसे' म्हणायचे. कौतुक म्हणून त्यांनी कधी काही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. पण बापावरचं हे गाणं तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी सॅक्सोफोन मांडीवर ठेवला होता.

"हा घसरता गंधार कुठून आणलास?"

"असंच आला, सर."

"असंच सर्दी येते, मिस सुरवसे." मग ते म्हणाले, "शनिवारी कॅफेत शेवटी हेच. पण याला शेवट नाहीये. रस्ता खणून ठेवल्यासारखं मध्येच थांबतं. शेवट आण."

कल्याणीनगरच्या एका कॅफेत दर शनिवारी संध्याकाळी नव्या गाणाऱ्यांना बोलवायचे. सरांनी ओळखीने तिचं नाव लावलं होतं. ती तिथे पहिल्यांदाच, माइकसमोर, अनोळखी माणसांसमोर गाणार होती. त्या गाण्याच्या शेवटासाठीच ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून सूर घासत होती, तर हे असं झालं.

हात कोरडे करून गोदाबाईने तिला समोर बसवलं.

"तुला कुणी शिकविलं ह्ये?"

सोनूला सांगता येईना. चाल जुनी होती, तिच्या आत कुठेतरी पडलेली. आजीने डोळे मिटले, तोंड न उघडता घशातल्या घशात नुसता स्वर काढला, वरून खाली घसरत आणलेला. आणि सोनूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच गंधार.

"तुझा आजा गेला तवा तू माझ्या मांडीवर हुतीस," म्हातारी म्हणाली. "लहान हुतीस. वाटलं, लेकराला काय कळतंय."

सोनूला माणसं आठवली नाहीत. आठवली ती आजीच्या पोटातली थरथर, पाठीला लागलेली. सूर कानांनी नाही, पाठीने ऐकला होता तिने.

"ह्यो हेल जित्या माणसावर काढत न्हाईत, सोने. काढला की मग बघायला येतंय. कुणाला हाका मारायलेत म्हणून."

"कोण येतंय?"

गोदाबाईने नाव घेतलं नाही. उठून कढई घासायला लागली.

सोनू तेव्हा हसली. मैत्रिणीला मेसेज पण टाकला, की आजी लिटरली हॉरर मोडमध्ये आहे. रात्री निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप लंगडत घरी आला. संभाजीने खांद्याला धरून आणला होता. तळहातांची सालं निघालेली, घोटा सुजून गाडग्याएवढा.

"काय न्हाय, काय न्हाय," उत्तरेश्वर आल्या आल्या म्हणायला लागला. "पाय सरकला जरा. दोर हुता की कमरंला."

"दोर हुता म्हणून तर हितं आणला," संभाजी म्हणाला. "न्हायतर तिकडंच ठेवून आलो असतो. माझ्या हाताचं बघा की, दोराचा वळ उठलाय. ह्याला कुणी चहा तर देतंय, मला त्ये पण न्हाय."

हेमाने चहा टाकला. हळद गरम केली. सगळे बोलत होते. गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि फक्त सोनूकडे बघत होती. सोनूला वाटलं, तिने निदान शिवी द्यावी.

संध्याकाळी जिन्यात आजीने तिला गाठलं. "बापाला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय. चढणाऱ्याच्या पायात भ्या घातलं, की त्यो पडतोच. कळलं का?"

"आज्जी, पाय सरकतो गं कुणाचाही. त्याचा आणि गाण्याचा काय संबंध?" सोनू म्हणाली. म्हणताना तिचाच आवाज तिला परका वाटला.

"न्हाय ना संबंध? मग म्हण की. आत्ता म्हण. हितं."

सोनूने तोंड उघडलं. सूर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खडकीला जाऊन सरांना सांगितलं, शनिवारी ते गाणं नको. दुसरं काहीतरी.

"का? शेवट सापडला नाही म्हणून?"

"नाही. म्हणजे… नकोच."

"बाकीची गाणी बाजारात मिळतात, मिस सुरवसे. ती ऐकायला लोक तुला कशाला बोलावतील?" मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "ठीक आहे. तुमची मर्जी. मी आपला पेटी वाजवणाऱ्याला कळवतो, की गाण्याला थंडी वाजली."

तिला खरं सांगता आलं नाही. काय सांगणार? की माझी आजी म्हणते, मी बापाला हाक मारली आणि भलत्यानेच ऐकली? आणि मला ते खरं वाटायला लागलंय?

शनिवारपर्यंत ती बापाच्या मागे मागे फिरली. "आजच्या दिवस सुट्टी घ्या ना पप्पा. पायाची सूज उतरू दे." उत्तरेश्वर घोट्याला पट्टी गुंडाळत हसायचा. शनिवारी सकाळीही तो तसाच हसला. "सुट्टी काय फुकाट मिळती का? आन् आज स्वारगेटचं एकच काम हाय. ते उरकलं की थेट माझ्यावर केलेल्या तुझ्या गाण्याला. संभाजी पण यायलाय. त्यानं बूट पॉलिश केल्यात."

"गाण्याला याच. पण चढू नका."

"अगं, मग फ्लेक्स काय जमिनीवर आंथरू?"

तो गेला. जिन्यातून त्याची एक पायरी जोरात, एक हळू वाजत गेली. ती शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभी राहिली.

शनिवारी दुपार कलली आणि वारं सुटलं. चैत्र-वैशाखात पुण्यात सुटतं तसलं, कोरडं, मातीने भरलेलं. सोनू, आई आणि आजी कॅफेत पोचल्या तेव्हा बाहेरच्या मोठ्या छत्र्या मिटून बांधायचं काम चाललं होतं. एक छत्री निसटून रस्त्यावर गडगडत गेली आणि पोरीपोरी हसल्या. सोनूने छत्रीकडे बघितलं. तेवढंसं कापड. बाप बांधत होता त्याच्यापुढे ते रुमालाएवढं.

तिने बापाला फोन लावला. 'आपण संपर्क करू इच्छिता तो क्रमांक सध्या बंद आहे.'

गोदाबाईला एका उंच गोल स्टुलावर बसवलं होतं. नऊवारीतली म्हातारी, पाय लोंबकळतायत, दोन्ही हातांनी टेबल गच्च धरलेलं. "ह्ये काय बसायचं का चढायचं?" ती हेमाला म्हणाली. "आन् पाणी मागितलं तर इचारतोय, कंचं पाणी. पाण्यात आता जाती निघाल्या का?"

"हळू बोला, मामी," हेमा सासूला म्हणाली. तिचंही लक्ष फोनमध्ये होतं. पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. एक अजस्र सांगाडा वाऱ्याने डुलतो, एकदा मागे जातो, आणि मग सगळाच्या सगळा रस्त्यावर येतो. माणसं किंचाळतात. खाली लिहिलं होतं, 'स्वारगेट, आत्ताचा. सगळ्यांना पाठवा.'

हेमाने फोन उपडा ठेवला. पण सोनूने बघितलं होतं.

तिने पुन्हा लावला. बंद. संभाजीला लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तिच्या हाताला इतका घाम आला की काचेवर बोट उमटेना.

"मिस सुरवसे, चला," सर मागून म्हणाले. "लोक आलेत. चक्क वेळेवर."

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. "माझे पप्पा तिथे आहेत. असल्याच कामावर." सरांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. तिला वाटलं, आता ते काहीतरी वाकडं बोलतील. त्यांनी वाकडं बोलावं असं तिला फार फार वाटलं. पण त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "थांबूया का बाळ?"

त्या 'बाळ'नंतर तिने पुन्हा बापाला फोन लावला.

तेवढ्यात गोदाबाई स्टुलावरून उतरली. कशी उतरली देव जाणे, पण उतरली आणि टेबलांच्या मधून वाट काढत आली. व्हिडिओ तिला कुणी दाखवला नव्हता. सुनेचा चेहरा तिने वाचला होता.

"सोने. त्यो हेल म्हण."

"काय?"

"चूक माझी झाली," म्हातारी म्हणाली. "त्या दिशी म्या तुझं तोंड दाबलं. अर्धा ऱ्हायला त्यो. अर्धा हेल दारात उभा ऱ्हातो, जात न्हाय. मला ठावं हुतं, पर भ्यानं सुचलं न्हाय. रडणारीनं आपला आपण थांबवायचा नसतो, आन् मधी तोडायचा बी नसतो. पुरा काढू द्यायचा. मग दुसऱ्या बाईनं येऊन तिची हनुवटी धरायची, तोंडाला पाणी लावायचं, पुरं झालं म्हणायचं. मग त्यो जातो. तू काढ. म्या हाय हितं. म्या थांबवते तुला."

सोनूच्या डोळ्यांपुढे लख्खकन आलं. आजाच्या वेळी कुणीतरी बाई आली होती. काकणं भरलेला एक हात तिच्या डोक्यावरून आजीच्या हनुवटीकडे गेला होता आणि पाठीतली थरथर थांबली होती. गाण्याला शेवट नव्हता, कारण शेवट गाणारीकडे नसतोच.

"आणि आज्जी… पप्पा जर…"

"म्हण म्हणते ना!"

ती माइकसमोर गेली. नाव सांगायचं होतं, दोन शब्द बोलायचे होते, ते सगळं राहिलं. समोर गार कॉफ्या, फोनच्या उजेडातले चेहरे, काचेबाहेर पिवळी धूळ. सरांनी पेटीवाल्याला हाताने थांबवलं आणि एकटा एक लांब सूर लावला.

"चढायचं ठावं तुला, राजा…"

आवाज फाटका निघाला. ती घाबरली, तशी आणखी फाटला. एरवी ती उशीर मोजून करायची. आज मोजता येईना. ती तालाच्या मागे राहिली, फार मागे राहिली, आणि सर तिच्यासाठी थांबले. गंधारावरून घसरताना तिला वाटलं, आपण सांगाड्यावरून खाली येतोय, आणि खाली दोर धरायला कुणी नाही. शब्द तिने लिहिलेले होते, पण आता त्यातला एकेक प्रश्न खरा होता. शिडी हितं उभी हाय. पाय कुठं ठेवलास रं? डोळे मिटले की तो पडणारा सांगाडा दिसायचा, म्हणून ती डोळे उघडे ठेवून, दाराकडे बघत गात होती. दार उघडत नव्हतं. लिहिलेले शब्द संपले. ती थांबली नाही. नवे येत गेले, झिजलेल्या टाचेचे, पट्टी बांधलेल्या घोट्याचे, जिन्यात हळू वाजलेल्या पायरीचे. आता तिला थांबायचं कसं हेच कळेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तोंडावर हात ठेवला होता.

मग गोदाबाई आली. तिने नातीची हनुवटी धरली, पेल्यात बोटं बुडवून ओठांना पाणी लावलं, आणि माइकमधून सगळ्या कॅफेला ऐकू गेलं, "गप गं माझे बाई. पुरं झालं. पुरं झालं आता."

सोनू थांबली. सरांचा सूर थोडा पुढे गेला आणि तोही थांबला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, गाणं असंच बसवलंय. सोनू आजीच्या पदरात तोंड खुपसून उभी होती आणि तिचा एक कान त्या टाळ्यांच्या पलीकडे लागला होता, फोनकडे.

फोन वाजला नाही. दारात वाद ऐकू आला.

"डिलिव्हरी मागच्या बाजूने घ्या," रखवालदार कुणालातरी सांगत होता.

"डिलिव्हरी न्हाय, बाप हाय मी. आत पोरगी गायलीय माझी."

उत्तरेश्वर केसांपासून बुटांपर्यंत मातीने पिवळा झाला होता. मागे संभाजी, पॉलिश केलेल्या बुटांसकट पिवळा. "वारं सुटलं तशी गुमान उतरलो खाली," बाप सांगत होता. "निम्मा फ्लेक्स तसाच लोंबतोय. संपलं का गं गाणं? माझ्यावरचं झालं?"

"फोन कुठे होता तुमचा?" सोनू ओरडली. अख्ख्या कॅफेने वळून बघितलं.

"चार्जिंग संपवलं की ह्यानं," संभाजी म्हणाला. "सकाळपासनं चहावाल्याला, रिक्षावाल्याला, दिसेल त्याला तुझे घरातले गाण्याचे व्हिडिओ दाखवायलाय. आन् माझा फोन खिशात, मी गाडीवर. ह्यो मागं बसून माझ्याच कानात गायला लागलेला, काय ऐकू येणार?"

व्हिडिओतला सांगाडा दुसऱ्याच कुठल्या गावचा निघाला, आणि व्हिडिओही जुना. कुणीतरी खाली स्वारगेट लिहून पुढे ढकललं होतं, बस्स. हेमा रडत रडत पोळ्यांच्या ग्रुपवर शिव्या लिहीत होती.

"मग म्हण की परत. माझं राहिलं ऐकायचं," उत्तरेश्वर म्हणाला.

"त्ये संपलं," गोदाबाई म्हणाली. "आता परत न्हाय."

बद्रीनाथ सरांनी सॅक्सोफोन त्याच्या खोक्यात ठेवला. त्यांनी म्हातारीकडे बघून मान लववली. सोनूला म्हणाले, "शेवट आणलास. बरोबर घेऊन आलीस, स्टुलावर बसवून."

हे इथेच मिटलं असतं. पण कॅफेतल्या कुणा मुलीने ते गाणं फोनवर उतरवून घेतलं होतं, आणि त्यातला एक तुकडा तिने नेटवर टाकला. सोमवारी कॉलेजात सोनूकडे पहिल्यांदाच लोक वळून बघायला लागले. "तू ती ना? अगं कसलं गायलीयेस! मी रात्री शंभरदा ऐकलं." सोनूने त्यांच्या फोनवर बघितलं. 'चढायचं ठावं तुला'पासून सुरू होत होतं. मध्यावर, पाय कुठं ठेवलास, तिथे तुटत होतं, आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून. आजी येतच नव्हती. आजीपर्यंत ते पोचतच नव्हतं. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, न बघितलेल्या माणसांच्या हातात, अर्धा हेल सुरू होत होता आणि अर्धाच राहत होता. तिने त्या मुलीला लिहिलं, प्लीज पूर्ण टाक, नाहीतर काढून टाक. मुलीने उत्तर पाठवलं: 'वेडी आहेस का, व्हायरल जातंय!' आणि बदामाचं चित्र.

घरी आली तर बाप खूश होऊन फोन नाचवत होता. संभाजीने त्याला तो तुकडा रिंगटोन म्हणून बसवून दिला होता.

"काढा ते, पप्पा."

"का म्हणून? माझ्या पोरीचा आवाज हाय. आता वर असलो तरी तू माझ्याजवळच."

ती आजीकडे बघायला लागली. आजीने नुसती मान हलवली. सांगायचं नव्हतं. चढणाऱ्याच्या पायात भ्या घालायचं नव्हतं. तेव्हापासून घरात बापाचा फोन वाजला की गोदाबाई असेल तिथून, भांड्यांतून, अंथरुणातून, पुटपुटते, "पुरं झालं बाई, पुरं झालं." उत्तरेश्वरला वाटतं, म्हातारीला आवाजाचा त्रास होतो.

पण घराबाहेर कोण म्हणणार?

परवा कॉलेजातून येताना सोनू विश्रांतवाडीच्या चौकात बसमधून उतरली तर समोरच्या सांगाड्यावर बाप होता. घोट्याची सूज अजून पुरती उतरली नव्हती. खाली संभाजी, दोर कमरेला गुंडाळून. फ्लेक्सचा एक कोपरा सुटून फडफडत होता. आणि बापाच्या खिशातला फोन वाजायला लागला. कुणाचा होता कोण जाणे. रहदारीच्या वरून, वाऱ्यातून, तिचाच आवाज खाली आला. चढायचं ठावं तुला, राजा. उत्तरेश्वरचे दोन्ही हात दोरीत गुंतलेले. तो उचलेना. पाय कुठं ठेवलास रं, तिथे तुटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

सोनू रस्त्याच्या कडेला, माणसांच्या मध्ये, दप्तर खाली टाकून जिवाच्या आकांताने ओरडली, "पुरं झालं! पुरं झालं!"

रिक्षावाले बघायला लागले. संभाजीने दोर न सोडता मान वळवली. "काय गं? येड लागलं का?"

वरून उत्तरेश्वरने वाकून बघितलं. उन्हामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसता काळा आकार दिसत होता. "कोण? सोनू का?"

"पप्पा! कुठे आहात?" तो समोर दिसत होता, पण तिला त्याचं उत्तर ऐकायचं होतं.

"आता गं!" तो हसला. "हितंच हाय की! दिसंना का तुला?"

फोन वाजायचा थांबला. सोनूने ओठ पुसले. ते कोरडे पडले होते; पाणी लावायला इथे आजी नव्हती. "उतरा," ती म्हणाली. "मी थांबते. उतरा आता."

उत्तरेश्वरने शेवटची गाठ मारली. मग उजवा पाय खालच्या आडव्या पट्टीवर आला. डावा, झिजलेल्या टाचेचा, हवेत पट्टी शोधत राहिला. सोनू त्या टाचेकडे बघत उभी होती.